पानाचं वजन कोण उचलतं?



ही व्याख्यानमाला ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ चालते, त्यांच्या नावे आजवर इथं संतसाहित्य, शेती, नाटक, पाणी अशा भारदस्त विषयांवर बोललं गेलं आहे. मी वेबसाइटच्या वजनावर बोलणार म्हटल्यावर कार्यवाहांनी विचारलं, ‘म्हणजे नक्की काय हो?’ प्रश्न रास्त होता. वेबसाइटच्या पानाला वजन असतं हेच बहुतेकांच्या गावी नसतं. माझं आजचं बहुतेक सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

माझा धंदा साइट बनवण्याचा. शाळा, पतसंस्था, दवाखाने, मंगल कार्यालयं, वाचनालयं अशांच्या साइट मी केल्या, आणि त्याहून जास्त साइट दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त केल्या. दुरुस्तीचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे नीट उघडते हो, पण लोक तक्रार करतात.’ निदान त्या वाक्यातच आहे. संस्थेच्या कार्यालयात, वायफायवर, सचिवांच्या चांगल्या फोनवर साइट उघडते. ज्याच्यासाठी ती केली त्याच्याकडे गोल फिरत राहतं.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट बसते तो आजार वेगळा आहे. तिथं एकाच वेळी लाखो लोक दारात उभे असतात आणि सर्व्हर कोलमडतो. मी बोलतोय ते कोणी गर्दी केलेली नसताना, मंगळवारी दुपारी, एकच माणूस एकच पान उघडतोय आणि ते उघडत नाही याबद्दल.

बोट टेकवल्यापासून पान दिसेपर्यंत काय होतं? फोन आधी साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारतो. मग सर्व्हरशी जोडणी करतो. मग दोघांमधलं बोलणं तिसऱ्याला कळू नये याची तजवीज होते. एवढं झाल्यावर कुठे पान मागितलं जातं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे निदान एक जा-ये. घरच्या फायबरवर ती जाणवतही नाही. एसटी घाट चढतेय, रेंजची एकच दांडी आहे, अशा वेळी तीच जा-ये अर्धा सेकंद खाऊ शकते. साइटने फाँट एका ठिकाणाहून, नकाशा दुसऱ्या, चॅटचं बटण तिसऱ्या आणि मोजणीची स्क्रिप्ट चौथ्या ठिकाणाहून मागवली असेल, तर या पायऱ्या त्या प्रत्येक ठिकाणासाठी नव्याने चढाव्या लागतात.

पान यायला लागलं तरी सर्व्हर सगळं एकदम ओतत नाही. पलीकडची जोडणी किती झेपवेल हे त्याला माहीत नसतं. म्हणून पहिल्या खेपेला तो साधारण १४ केबी पाठवतो. पोच मिळाली की पुढच्या खेपेला दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट. पहिल्या खेपेची ही दहा पाकिटांची मर्यादा २०१३ साली सुचवली गेली आणि आज सर्रास पाळली जाते. आमच्या धंद्यात १४ केबी हा आकडा लोकांना पाठ असायला हवा. तो फार थोड्यांना असतो.

आता आजच्याच व्याख्यानाचा हिशेब करू. मी बोलणार आहे ते छापलं तर अडीच हजार शब्दांच्या आसपास जाईल. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एकच. तरी हे अख्खं व्याख्यान चाळीस-पंचेचाळीस केबीत बसेल, आणि पाठवताना आवळलं की दहा-बारा केबीत. म्हणजे मी आता जे बोलतोय ते सगळं, पहिल्याच खेपेत, घाटातल्या त्या प्रवाशापर्यंत पोहोचू शकतं. मराठी मजकूर इंटरनेटला कधीच जड नव्हता.

मग जड काय झालं? एचटीटीपी आर्काइव्ह नावाचा प्रकल्प २०१० पासून जगभरातल्या साइटची पानं नियमित मोजतो. त्या वर्षाच्या अखेरीस डेस्कटॉपवरच्या मधल्या पानाचं, म्हणजे निम्मी पानं ज्याच्याहून हलकी आणि निम्मी जड अशा पानाचं, वजन साधारण ४७० केबी होतं. २०२२ साली ते २.३ एमबीच्या घरात गेलं. बारा वर्षांत जवळजवळ पाचपट. यातला टप्पा सांगायचा तर, १९९३ साली ‘डूम’ नावाचा खेळ आला होता, अनेक मजले, राक्षस, बंदुका, आवाज सगळ्यासकट. २०१६ च्या सुमारास एका सरासरी पानाचं वजन त्या खेळाच्या इन्स्टॉलरएवढं झालं होतं. खेळात निदान खेळता तरी यायचं.

‘आता डेटा स्वस्त आहे, काय फरक पडतो?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आपल्याकडे डेटाची काटकसर संपली हे खरं. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जीचीही सुरुवात झाली. पण पानाची किंमत नुसती डेटात मोजून भागत नाही. दोनशे केबीचा फोटो आणि दोनशे केबीची जावास्क्रिप्ट यांचं वजन कागदावर सारखं, फोनला मात्र मुळीच सारखं नाही. फोटो उलगडून पडद्यावर मांडला की काम संपलं. स्क्रिप्ट आधी उतरवायची, मग वाचायची, यंत्राला कळेल अशा रूपात आणायची आणि मग चालवायची. हे चालू असताना माणूस बटण दाबत राहतो आणि बटण दाद देत नाही. पन्नास हजारांचा फोन हे चुटकीसरशी उरकतो. आठ-नऊ हजारांचा फोन त्याच कामाला कितीतरी पट वेळ घेतो, आणि आपल्या गावांत हिंडणारे बहुतेक फोन या दुसऱ्या जातीचे असतात. टॉवर बदलला म्हणून खिशातला प्रोसेसर बदलत नाही.

निकलाउस विर्थ हे पास्कल भाषेचे जनक. त्यांनी १९९५ सालीच हलक्या सॉफ्टवेअरची बाजू घेणारा एक लेख लिहिला होता. यंत्रं जेवढी वेगवान होतात त्याहून जलद सॉफ्टवेअर मंदावतं, असा त्याचा आशय. लोक त्याला विर्थचा नियम म्हणतात. विर्थ यांनी स्वतः मात्र त्याचं श्रेय मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिलं होतं. लेखाला तीस वर्षं होऊन गेली. नियम ठणठणीत आहे.

आता टेम्प्लेट आणि बिल्डर. यांना शिव्या घालायला मी उभा नाही. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज विकत घेतलं, तेव्हापासून ‘कोड न लिहिता साइट’ हे स्वप्न विकलं जातंय, आणि ते वाईट स्वप्न नाही. मे २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस आणलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. आपल्याकडच्या शेकडो शाळांना आणि संस्थांना इंटरनेटवर जागा मिळाली ती याच साधनांमुळे. साचा असणं ही मुळात सोयच आहे. देशातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी साइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच चौकटीतून निघाल्या आहेत. एका जिल्ह्याच्या साइटवर निविदा कुठे असतात हे कळलं की दुसऱ्या जिल्ह्यात शोधाशोध कमी होते.

गाडी कुठे घसरली ते सांगतो. वर्डप्रेसभोवती तयार थीमचा बाजार उभा राहिला. साठ-सत्तर डॉलरला एक थीम. हजारो थीम एकाच दुकानात मांडलेल्या असल्या की गिऱ्हाईक वैशिष्ट्यांची यादी बघतं. ज्याची यादी लांब तो माल खपतो. म्हणून ‘बहुउद्देशीय’ थीम आल्या: एकच थीम, हॉटेललाही चालेल, वकिलालाही, व्यायामशाळेलाही, ऑनलाइन दुकानालाही. अवाडा नावाची अशी थीम लाखोंच्या संख्येने विकली गेली. मग एकेक वस्तू ओढून ठेवत पान मांडायचे बिल्डर आले. आज डब्ल्यूपीबेकरी नावाने ओळखला जाणारा २०११ साली, डिव्ही २०१३ साली, एलिमेंटर २०१६ साली. वीस माणसांना चहा-पोह्यांना बोलवायचंय म्हणून तुम्ही मंगल कार्यालयाचं पॅकेज घेतलंत, तर घोडा, बँडवाले, मांडवाची झालर आणि आहेर लिहायचा माणूस हेही दारात येऊन उभे राहतात, कारण ते पॅकेजमध्ये आहेत. थीमचं तेच होतं. तुमच्या वाचनालयाला दुकान नाही, पण खरेदीच्या टोपलीची स्क्रिप्ट पानासोबत येते. तुमच्या पानावर काउंटडाउन नाही, पण तो चालवण्याची तयारी येते. संपर्काचा फॉर्म एकाच पानावर असतो. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा अतिशय प्रामाणिक, फुकट आणि उपयोगी प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा तुकडा, आहे, पण मुद्दाम अडवलं नाही तर त्याची स्टाइल आणि स्क्रिप्ट साइटच्या प्रत्येक पानावर जाते. बनवणाऱ्याला तरी कसं कळावं की फॉर्म तुम्ही कुठे ठेवणार? सगळीकडे पाठवलं की तक्रार येत नाही.

जवळून पाहायचं तर एकच ओळ घेऊ. वाचनालयाच्या होम पेजवर शीर्षक आहे: ‘वाचनालयाची वेळ: सकाळी ८ ते ११, सायंकाळी ५ ते ८.’ हाताने लिहिलं तर हे एका खुणेत बसतं. सुरुवातीची खूण, मजकूर, शेवटची खूण. हेच शीर्षक २०२० पूर्वीच्या एलिमेंटरमध्ये ओढून ठेवलं की त्याच्याभोवती काय उभं राहायचं ते ऐका. आधी विभाग. त्यात कंटेनर. त्यात रांग. रांगेत स्तंभ. स्तंभाच्या आत स्तंभाचं वेष्टण. त्यात विजेटचं वेष्टण. त्यात विजेट. विजेटच्या आत विजेटचा कंटेनर. आणि त्यात, नवव्या ठिकाणी, आपली वेळ. आठ डबे, एकात एक, प्रत्येकाला चार-सहा वर्गनावं चिकटवलेली. प्रत्येक डबा कशासाठी आहे याचं उत्तर आहे: कोणाला मागे रंग द्यायचा असेल, कोणाला कडेला मोकळी जागा, कोणाला सावली, कोणाला हलतं चित्र. ज्याला यातलं काहीच नको त्यालाही आठही डबे मिळतात. कंपनीला हे कळत होतं. ऑगस्ट २०२० च्या आवृत्तीत त्यांनी यातले दोन डबे काढले आणि पुढे मांडणीची पद्धतच बदलत नेली. पण जुन्या साइटना कोण हात लावतं? त्या अजून तशाच चालू आहेत.

गूगलचं लाइटहाउस नावाचं तपासणीचं साधन पानात ८०० च्या वर घटक दिसले की कुरकुर करत आलं आहे. बिल्डरवर बांधलेल्या मध्यम पानाला हा आकडा ओलांडायला फार कष्ट पडत नाहीत. प्रत्येक घटकाची जागा, रुंदी, उंची फोनला काढावी लागते. वरून एखादं चित्र उशिरा आलं की खालचं सगळं सरकतं आणि हिशेब पुन्हा. तुम्ही ‘दाखल्याचा अर्ज’वर बोट ठेवता आणि तेवढ्यात तिथं जाहिरात येऊन बसते, हा त्याचाच प्रताप.

आता स्लायडर. होम पेजच्या डोक्यावर सरकणारे पाच फोटो नाहीत अशी संस्थेची साइट मला दाखवा, मी तुम्हाला चहा पाजतो. पहिल्या फोटोत इमारत, दुसऱ्यात अध्यक्षांचा सत्कार, तिसऱ्यात दीपप्रज्वलन. २०१३ साली अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात एरिक रनियन यांनी त्यांच्या साइटच्या स्लायडरचा हिशेब जाहीर केला. भेट देणाऱ्यांपैकी सुमारे एक टक्का लोक स्लायडरवर क्लिक करत होते, आणि त्यातल्याही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर केलं होतं. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे सत्कार बहुतेक कोणी पाहतच नाही. उतरवावे मात्र सगळ्यांना लागतात.

त्या फोटोंचं गणितही बघा. आजच्या फोनचा फोटो सहज ४००० गुणिले ३००० बिंदूंचा असतो. एक कोटी वीस लाख बिंदू, फाइल तीन-चार एमबीची. हातातल्या फोनवर तो दाखवायचा तर रुंदीला हजारेक बिंदू पुरतात, एकूण नऊ लाखांच्या आत. म्हणजे जवळजवळ चौदापट माल पाठवला, आणि फोनने तो उलगडून फेकून दिला. उलगडताना एकेका बिंदूला चार बाइट लागतात. एका सत्काराला ४८ एमबी मेमरी. पाच सत्कार एकदम उलगडले तर स्वस्त फोनमधला व्हॉट्सअ‍ॅप मागच्या मागे बंद पडतो.

वर्डप्रेसने यावर उपाय केलेले आहेत. २०१५ च्या अखेरीपासून ते एकाच फोटोचे लहानमोठे आकार करून पडद्याप्रमाणे योग्य तो देण्याची सोय करतं. ऑगस्ट २०२० पासून खालचे फोटो गरज लागेपर्यंत थांबवतं. गंमत म्हणजे सुरुवातीला ते अगदी वरचा, सगळ्यात आधी हवा असलेला फोटोही थांबवत असे, आणि त्यामुळे पानं उलट मंदावली. ती चूक पुढे २०२२ च्या सुरुवातीला सुधारली गेली. पण बरेच स्लायडर हे फोटो पार्श्वभूमी म्हणून लावतात, आणि तिथं हा मेहनतीने केलेला बंदोबस्त लागूच होत नाही.

मराठी साइटची एक खास अडचण आहे. ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. परदेशी थीम लॅटिन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. तिच्यात रोबोटो किंवा माँटसेराट अशा एखाद्या फाँटच्या तीन-चार जाड्या जोडलेल्या असतात. आपण मजकूर भरतो मराठी. त्या फाँटमध्ये देवनागरी नसते, म्हणून मजकूर फोनमधल्याच फाँटमध्ये दिसतो. मग ते उतरवलेले फाँट काय करतात? दूरध्वनीचे इंग्रजी आकडे आणि मराठी वाक्यातले पूर्णविराम-स्वल्पविराम दाखवतात. होय, पूर्णविराम. आपण तो लॅटिनचाच वापरतो ना! एका टिंबासाठी फाँट दुसऱ्या ठिकाणाहून येतो. पूर्वी एक समर्थन असायचं, की गूगलचे फाँट दुसऱ्या साइटवर आधीच उतरलेले असतात, पुन्हा लागत नाहीत. ऑक्टोबर २०२० पासून क्रोमने प्रत्येक साइटची साठवण वेगळी केली, खासगीपणासाठी. त्यामुळे तेही समर्थन संपलं. थीम विकणाऱ्यांच्या मदतपानांवर ते अजून वाचायला मिळतं.

कोणी जाणकार मराठी फाँट लावतोच म्हणाला तर त्याने बेताने लावावा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये चिन्हं शेकड्यांनी असतात, फाइल लॅटिनच्या कित्येक पट जड होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा फाँट सुरेख आहे आणि मोफत आहे. पण त्याच्या सातही जाड्या घ्यायची गरज नसते, दोन पुरतात.

हे सगळं टाळता येण्याजोगं आहे, आणि टाळायचं कसं हेही फार जुन्या काळापासून माहीत आहे. स्टीव्ह साउडर्स याहूमध्ये होते तेव्हा, २००७ साली, त्यांचं वेगवान साइटवरचं पुस्तक आलं. त्यातले बहुतेक नियम आजही लागू पडतात. मग असं का होतं? माझ्या मते याचं उत्तर साइट कुठे पसंत होते त्या खोलीत आहे. समितीची बैठक असते. वेबसाइटवाला लॅपटॉप जोडतो, भिंतीवर डेमो दिसतो. स्लायडर सरकतो, आकडे शून्यापासून पाचशेपर्यंत पळतात, मजकूर डावीकडून तरंगत येतो. सगळ्या फाइल त्याच्या लॅपटॉपवर आधीच उतरलेल्या असतात. समिती म्हणते, ‘वा, अजून थोडं हलतं काहीतरी टाका.’ पंधरा हजारांत काम ठरतं. त्या पंधरा हजारांत वेबसाइटवाल्याने वजन कमी करायला चार दिवस द्यावेत अशी अपेक्षा मी करणार नाही. त्यालाही घर चालवायचंय. थीम विकणारा डेमोवर माल विकतो, वेबसाइटवाला डेमो दाखवून काम मिळवतो, समिती डेमो बघून मान डोलावते. तिघांचंही काम त्या खोलीत पूर्ण होतं. ज्याला पान उघडून वाचायचंय तो खोलीत नसतो. ज्याला वजन उचलायचं त्याचं मत कोणी घेतलेलंच नसतं.

पुढचा अंक आणखी मजेशीर आहे. तक्रारी वाढल्या की ‘साइट वेगवान करणारा’ प्लगइन घेतला जातो. वजन कमी करायला आणखी एक वस्तू. हे प्लगइन निरुपयोगी नाहीत. तयार पान साठवून ठेवणं, फाइल आवळणं ही कामं ते नीट करतात. पण त्यातली एक कळ अशी आहे, की माणसाने पडद्याला हात लावेपर्यंत जावास्क्रिप्ट सुरूच करायची नाही. तपासणीचं यंत्र पडद्याला हात लावत नाही. त्याला पान झटकन दिसतं, आकडा हिरवा होतो, नव्वदच्या पुढे जातो. माणूस मात्र मेनूवर बोट ठेवतो तेव्हा कुठे सगळं ओझं हलायला लागतं, आणि पहिला टॅप फुकट जातो. हिरवा आकडा दाखवून बिल मंजूर होतं. गूगलने २०२० साली वेगाचे नवे निकष जाहीर केले. त्यातला ठळक म्हणजे मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा. मार्च २०२४ मध्ये त्यात टॅपला दाद किती वेळात मिळते याचाही समावेश झाला, २०० मिलिसेकंदांची मर्यादा घालून. पळवाट त्यामुळे थोडी अरुंद झाली. हे निकष खऱ्या माणसांच्या फोनवरून मोजले जातात हे त्यातलं सगळ्यात चांगलं.

पण खऱ्या माणसांच्या मोजणीतही एक भोक आहे. ते दाखवणारी गोष्ट क्रिस झकरायस यांनी २०१२ साली लिहून ठेवली आहे. ते यूट्यूबमध्ये होते. व्हिडिओचं पान १.२ एमबीवर गेलं होतं. त्यांनी हट्टाने ते शंभर केबीच्या आत आणलं. ‘फेदर’, म्हणजे पीस, असं त्या प्रयोगाचं नाव. आठवडाभर काही लोकांना ते दिलं आणि आकडे पाहिले, तर सरासरी वेळ वाढलेला! हलकं पान जड पानापेक्षा हळू? शेवटी त्यांनी आकडे देशांप्रमाणे वेगळे केले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरिया अशा भागांतून पूर्वी जवळपास कोणीच येत नव्हतं, तिथून आता लोक येत होते. जुनं पान उघडायला तिथं वीस मिनिटं लागत, म्हणून माणसं वाट बघून निघून जायची आणि मोजणीत धरलीच जायची नाहीत. हलकं पान त्यांना दोन मिनिटांत उघडत होतं. दोन मिनिटं हा वेळ सरासरी बिघडवायला पुरेसा होता, आणि त्यांना व्हिडिओ पाहायलाही. आमची साइट लोक बघतातच कुठे, अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी ही गोष्ट सांगतो. जे परतले ते तुमच्या अहवालात नाहीत.

म्हणून माझा उपाय तांत्रिक कमी आणि दप्तरी जास्त आहे. काम देतानाच्या करारात वजनाचं कलम घाला. मी घालतो ते असं असतं: होम पेज पहिल्यांदा उघडताना एकूण ५०० केबीच्या आत, साध्या अँड्रॉइड फोनवर, ४जीवर, मुख्य मजकूर अडीच सेकंदांत, स्क्रिप्ट बंद असल्या तरी पत्ता, वेळ आणि फोन नंबर वाचता यावा. आणि शेवटचा हप्ता संस्थेच्या शिपाईमामांच्या फोनवर, वायफाय बंद करून, साइट उघडून दाखवल्यावर. या शेवटच्या अटीने जे साधतं ते पहिल्या तीन मिळून साधत नाहीत. वेबसाइटवाला म्हणेल, मग स्लायडर जाईल. जाऊ द्या. म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅपचं हलतं बटण जाईल. त्याला सांगा, साधी लिंक दे, त्याला प्लगइन लागत नाही. म्हणेल, नकाशा आणि यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवता येणार नाही. तोही मुद्दा खरा आहे, कारण व्हिडिओ कोणी चालवला नाही तरी त्याची तयारी अर्धा एमबी आणि वर खाते. एक फोटो आणि त्यावर लिंक ठेवा. थीम बदलावी लागेल म्हणाला तर पाच हजार जास्त द्या. स्लायडरमधल्या फोटोंच्या फ्लेक्सवर याहून जास्त जातात.

कलम घातलं म्हणून काम संपत नाही, कारण साइट ताब्यात आल्यावर वाढदिवसाचं पॉपअप येतं, मग सत्काराचं, मग निवडणुकीत कोणी निवडून आलं की त्याचं. वजन महिन्याला वाढतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून वर्षातून एकदा मोजा. लॅपटॉपवर क्रोममध्ये साइट उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ या शब्दावर क्लिक करा, ‘डिसेबल कॅश’च्या चौकटीत खूण करा आणि पान पुन्हा उघडा. खाली तळाशी एकूण एमबीचा आकडा येतो. पाच मिनिटांचं काम आहे, सहावी-सातवीतलं पोर करून देईल. हिशेबतपासनीस नेमण्याचा ठराव होतो त्याच सभेत हा आकडा, तारखेसकट, इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या समितीजवळ तुलना करायला काहीतरी राहील.